दोन इंचांचा इतिहास : जुना पिकअप उंच कसा झाला (थ्रेड)

१९८५ साली प्रदर्शित झालेल्या 'बॅक टू द फ्युचर' या चित्रपटाचा किशोरवयीन नायक एका काळ्या टोयोटा पिकअपकडे आसुसलेल्या नजरेने पाहत राहतो. चित्रपट कालयंत्राचा, परंतु त्या पिढीतील अनेक अमेरिकन तरुणांच्या मनात घर केले ते या पिकअपने. रुंद टायर, केबिनमागच्या नळीवर दिव्यांची रांग आणि कारखान्यातून येणाऱ्या गाडीपेक्षा थोडी अधिक उंची. ही उंची आली कोठून, ती मिळवताना गाडीच्या पोटात काय बदलते आणि सरकारला तिच्यात लक्ष का घालावे लागले, याची कथा त्या चित्रपटाहून बरीच जुनी आहे.

तिचा आरंभ हौसेतून झाला नाही, चिखलातून झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील बहुतेक पिकअपची केवळ मागची चाके इंजिनाच्या बळावर फिरत. पावसाळी शेतरस्ता, खाणीची वाट किंवा बर्फाचा उतार आला की अशी गाडी जागीच रुतून बसे. इंडियानापोलिस येथे १९३१ मध्ये स्थापन झालेल्या मार्मन-हेरिंग्टन कंपनीने १९३५ पासून फोर्डच्या ट्रकना पुढचीही चाके फिरवणारी यंत्रणा बसवून देण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, डॉजने आपल्या लष्करी ट्रकवर बेतलेला 'पॉवर वॅगन' नागरी बाजारात आणला. तो दिसायला ओबडधोबड होता. ज्यांना तो हवा होता त्यांना त्याची पर्वा नव्हती.

यानंतरचा टप्पा मिनियापोलिसचा. तेथील नॉर्थवेस्टर्न ऑटो पार्ट्स कंपनी, अर्थात 'नॅपको', १९५०च्या दशकात 'पॉवर-पॅक' नावाचा संच विकू लागली. साधा शेवरलेट किंवा जीएमसी पिकअप घ्यायचा, त्याचा पुढचा अ‍ॅक्सल काढायचा आणि संचातील चालता अ‍ॅक्सल व ट्रान्स्फर केस बसवायची. हा संच इतका उपयुक्त ठरला की १९५६ मध्ये जीएमसीने आणि १९५७ मध्ये शेवरलेटने तो कारखान्यातूनच देऊ केला. मात्र नव्या अ‍ॅक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियलचा मोठा गोळा होता. इंजिनाच्या तळाशी तो आदळू नये, म्हणून गाडीचे पुढचे अंग वर उचलणे भाग पडे. उंच पिकअपचे रूप असे जन्मले. त्या काळी उंची हे उद्दिष्ट नव्हते, ती एका गरजेची निष्पत्ती होती. १९५९ मध्ये फोर्डने आणि १९६० मध्ये जनरल मोटर्सने स्वतःचे फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप बाजारात आणले आणि अशा संचांचे दिवस सरले.

१९६० आणि १९७०च्या दशकांत हीच वाहने वाळवंटात, डोंगरात, सुट्टीच्या भटकंतीत दिसू लागली. येथे एक समज दूर करणे आवश्यक आहे. गाडीचा सांगाडा दोन इंच उचलला म्हणजे डिफरन्शियल जमिनीपासून दोन इंच वर गेला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो केसभरही हलत नाही, कारण अ‍ॅक्सल चाकांच्या मध्याला जखडलेला असतो. तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. २८ इंच व्यासाच्या जागी ३१ इंचांचा टायर घातला, तर व्यासातील तीन इंचांपैकी निम्मे, म्हणजे दीड इंच, डिफरन्शियलच्या वाट्याला येतात. सांगाडा उचलायचा तो मुख्यतः या मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा मिळावी म्हणून.

टोयोटाचा फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप १९७९ मध्ये अमेरिकेत आला, तो या कामासाठीच घडवला असावा असे वाटण्याजोगा. पुढे आणि मागे अखंड अ‍ॅक्सल, आणि चारही चाकांवर पोलादी पट्ट्यांची चळत. आपल्याकडील गॅरेजांत जिला 'पाटे' म्हणतात. घोडागाडीच्या काळापासून चालत आलेली ही रचना आहे आणि ती उंच करण्याच्या युक्त्याही तितक्याच सरळ आहेत. अधिक कमान असलेले नवे पाटे बसवावेत. जुन्या चळतीत एक जादा पट्टी घालावी. मागच्या बाजूस अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा ठेवावा. अथवा पाट्याचे टोक ज्या झुलत्या कडीला टांगलेले असते ती शॅकल लांब करावी. शॅकलचा हिशेब गमतीचा आहे. पाट्याचे एकच टोक खाली जाते, त्यामुळे शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी जेमतेम एक इंच उचलली जाते.

पुढच्या अ‍ॅक्सलखाली ठोकळा घालणे मात्र अनुभवी कारागीर टाळतात. ब्रेक लागताच पुढच्या चाकांवर मोठा भार येतो, अ‍ॅक्सल पिळला जाऊ पाहतो आणि ठोकळा निसटला तर सुकाणूच हातून जाते.

प्रत्यक्ष काम एका दिवसात उरकण्याजोगे असले, तरी चाळीस वर्षांच्या गाडीत पहिला शत्रू गंज असतो. गाडी उचलण्याआधी चासीवर हातोडी ठोकून पाहावी लागते. खणखणीत नाद न येता बद्द आवाज आला, तर पाट्यांचा विचार सोडून आधी चासीचे दुखणे पाहणे इष्ट. बोल्टना आदल्या दिवशी तेल पाजावे लागते. चासी भक्कम स्टँडवर टेकवून अ‍ॅक्सल जॅकवर तोलायचा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोडायचे, यू-बोल्ट उघडायचे. काढलेले यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात, कारण एकदा ताणल्यावर त्यांची पकड पूर्वीसारखी राहत नाही. पाट्यांच्या टोकांचे बोल्ट अखेरचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच. अधांतरी आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात.

खरा कस यानंतर लागतो. गाडी उंच झाली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन तीव्र होतो, त्याचे क्रॉस जॉइंट थरथरू लागतात. उपाय म्हणून पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पोलादी पाचर घालून कोन जुळवतात. ब्रेकची रबरी नळी आखूड पडते. सायकलच्या पुढच्या फोर्कला जो कल असतो तसाच पुढच्या चाकांनाही असतो. तो बिघडला की गाडी सरळ रस्त्यावर भरकटते. सुकाणूचा दांडा तिरका झाल्याने खड्डा आला की चाके आपोआप किंचित वळतात. शिवाय ३१ इंचांच्या टायरमुळे वेगमापक ताशी ६० मैल दाखवतो तेव्हा गाडी सुमारे ६६ मैलांनी धावत असते. दोन-तीन इंचांपर्यंत यातील बहुतेक दोष पाचर, लांब नळी आणि नीट अलाइनमेंट यांनी आवरता येतात. त्यापुढे प्रत्येक इंच नवी दुरुस्ती मागतो.

ही मर्यादा जाहीरपणे उधळली गेली सेंट लुईस येथे. फोर-व्हील ड्राइव्हच्या सुट्या भागांचे दुकान चालवणारे बॉब चँडलर आपला फोर्ड एफ-२५० दुकानाची चालती जाहिरात म्हणून वापरत. भाग मोडे, ते अधिक वजनदार भाग बसवत. टायर वाढे, गाडी आणखी उंच होई. १९८१ मध्ये त्यांच्या 'बिगफूट'ने एका शेतात भंगार मोटारी चिरडल्या आणि पुढच्याच वर्षी ६६ इंची टायरांचा दुसरा 'बिगफूट' अवतरला. मैदाने प्रेक्षकांनी भरू लागली. तो तमाशा मैदानापुरता राहता तर कोणाचीच तक्रार नव्हती. परंतु ती हौस रस्त्यावर उतरली.

रस्त्यावर दुसऱ्या माणसाचा प्रश्न येतो. अमेरिकेच्या संघीय नियमानुसार मोटारीचा बंपर जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात टक्कर झेलण्यास समर्थ असावा लागतो. पिकअपना हा नियम लागू नाही. त्यामुळे फार उंच पिकअप मोटारीवर आदळला तर त्याचा बंपर तिच्या बंपरला न भिडता थेट दारावर वा काचेवर येतो. दुसरा धोका खुद्द चालकाला. चाकांतील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की गाडी उलटण्याला किती विरोध करते याचा अंदाज मिळतो. अमेरिकेचे महामार्ग सुरक्षा प्रशासन २००१ पासून हा अंक गाड्यांच्या मूल्यांकनात वापरते. समजा चाकांत ५६ इंच अंतर आहे आणि गुरुत्वमध्य २६ इंचांवर आहे, तर अंक येतो सुमारे १.०८. गुरुत्वमध्य दोन इंच वर गेला की तो १ वर उतरतो.

म्हणून अनेक राज्यांनी उंचीला कायद्याची पट्टी लावली. कॅलिफोर्नियात ४,५०० पौंडांपर्यंतच्या वजनश्रेणीतील वाहनाची चासी २७ इंचांपेक्षा आणि ४,५०१ ते ७,५०० पौंडांच्या श्रेणीत ३० इंचांपेक्षा उंच असता कामा नये. भारतातील भूमिका याहून कठोर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही.

इकडे टोयोटाने १९८६च्या मॉडेलपासून अमेरिकेतील पिकअपचा पुढचा अखंड अ‍ॅक्सल काढून स्वतंत्र सस्पेन्शन दिले. प्रवास सुखाचा झाला, परंतु पाटे बदलून पुढचे अंग उचलण्याची सोय संपली. आजही काही हौशी मंडळी नंतरच्या गाडीतील ते स्वतंत्र सस्पेन्शन कापून काढतात आणि भंगारातून शोधून आणलेला १९८५ पूर्वीचा अ‍ॅक्सल पाट्यांसह तेथे वेल्ड करून बसवतात.