तिकिटाचे पैसे कोण देणार?

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांची एक गंमत आहे. परदेशात कॉन्फरन्सला जायचं ठरलं की तिकीट, हॉटेल, व्हिसा सगळं कंपनीचं ट्रॅव्हल डेस्क बघतं. आपण फक्त बॅग भरायची. त्यामुळे इंजिनिअरिंगच्या एखाद्या मुलीचा शोधनिबंध परिषदेत स्वीकारला गेला की तिच्यापुढचा पहिला प्रश्न पैशांचा असतो, हे आपल्या ध्यानातच येत नाही. या विकेंडला हाच प्रश्न जालन्यापुरता धरून मी मागे मागे जात राहिलो.

जालना स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी त्याचा बराचसा भाग औरंगाबाद जिल्ह्यात, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे इथल्या हुशार पोरासाठी तिजोरी होती हैदराबादला. ती तिजोरी अगदीच कंजूष नव्हती बरं का! १८९५ साली सरोजिनी नायडू इंग्लंडला शिकायला गेल्या त्या निजामाच्याच शिष्यवृत्तीवर. आणि पुढच्याच वर्षी मीर अहमद अली नावाचा तरुण संस्थानाच्या पैशावर इंग्लंडमधल्या कूपर्स हिलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. हाच पुढे नवाब अली नवाज जंग झाला आणि त्याने निजामसागर धरण बांधलं. एका तिकिटाचा परतावा म्हणून वाईट नाही. पण अशा शिष्यवृत्तीची बातमी जालना-अंबडच्या शेतकऱ्याच्या घरापर्यंत कितपत पोचत असेल? माझ्या मते फारशी नाही. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं आणि तिथे शिकवणं उर्दूतून. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला तिकिटाच्या आधी भाषेचाच उंबरठा ओलांडायचा होता.

इकडे मुंबईत वेगळीच पद्धत रुजत होती. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी काढला. त्याच्या पहिल्या मानकरी दोन डॉक्टर बायका, फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. हा निधी दान नव्हता, कर्ज होतं. परत आलेल्या पैशातून पुढचा विद्यार्थी जायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर रिसोर्स रिलीज करून परत पूलमध्ये टाकायचा :-)

मग येतं माटुंग्याचं यूडीसीटी. १ ऑक्टोबर १९३३ ला मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था, आजची आयसीटी. रघुनाथ माशेलकर इथलेच. घरची गरिबी, आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टचे महिना साठ रुपये. हे साठ रुपये त्यांना सहा वर्षं मिळाले. ते स्वतः अनेक भाषणांत ही गोष्ट सांगतात. मला त्यातला आकडा महत्त्वाचा वाटत नाही, पैसे कधी मिळाले ते महत्त्वाचं वाटतं. दर महिन्याला, खर्चाच्या आधी!

२०१८ मध्ये याच आयसीटीची मराठवाडा शाखा जालन्यात सुरू झाली, शिरसवाडीच्या बाजूला. पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक., आणि त्यात आलटून पालटून सत्रं थेट कारखान्यात. म्हणजे संशोधनाला विषय आहेत. रसायन अभियंत्यांचं केमकॉन हे अधिवेशनही दर वर्षी देशातल्या वेगवेगळ्या शहरांत भरतं. आता सरकारी प्रवास-अनुदानाचा नेहमीचा खाक्या असा, की आधी खिशातून खर्च करा, मग बोर्डिंग पास आणि बिलं लावून मागा. माझ्या एका मित्राने पीएचडी करताना असे पैसे मागितले होते. ते हातात पडले तेव्हा प्रबंध देऊन झाला होता. त्याचे वडील बँकेत होते, निभावलं. ज्याच्या घरी कापसाचे पैसे दिवाळीनंतर येतात त्याने काय करायचं? तो अर्जच करत नाही. आणि ज्याने अर्जच केला नाही, त्याची नोंद कुठल्याच फायलीत सापडत नाही.

जाऊन काय होतं, असं विचारणाऱ्यांना जालन्यातच उत्तर आहे. बद्रीनारायण बारवाले दिल्लीच्या कृषी प्रदर्शनाला गेले होते, १९५९-६० च्या सुमारास. तिथे त्यांना 'पुसा सावनी' ही भेंडीची जात भेटली. १९६४ मध्ये त्यांनी जालन्यात महिको काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी. पण गाव बियाण्यांसाठी ओळखलं जायला लागलं ते या प्रवासानंतर.

आज जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, स्टीलचे कारखाने आहेत. कारखान्यातली सत्रं तर अभ्यासक्रमातच आहेत. टाटांसारखा फिरता निधी इथे काढायचा झाला तर एकच अट घालावी असं मला वाटतं: स्वीकृतीचं पत्र दाखवलं की पैसे हातात, बिलं आल्यावर. नोकरी लागली की परत करायचे, त्याच खात्यात.