टॅपेटची फट

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवितांना ज्यांनीं लोहाराला पाहिलें असेल, त्यांस धातूचा एक स्वभाव निराळा समजावून सांगावयास नको. धाव चाकाहून किंचित् लहान घडविलेली असते. गोवऱ्यांच्या जाळांत ती तापविली म्हणजे फुगते, लांकडी चाकावर सहज उतरते, आणि वर पाणी ओततांच आकसून चाकाला अशी कवटाळते कीं, मग निघतां निघत नाहीं. वऱ्हाडांतील कापसाच्या गाड्या पिढ्यान् पिढ्या याच न्यायावर चालल्या. त्याच वाटांवर पुढें मोटारसायकली आल्या, आणि तापल्यावर वाढणाऱ्या लोखंडाचा तोच जुना प्रश्न नव्या वेषांत मिस्त्र्यांपुढें उभा राहिला. फरक इतकाच कीं, लोहाराला फट नाहींशी करावयाची होती, मिस्त्र्याला ती राखावयाची होती. या राखावयाच्या फटीचा इतिहास वाशीम जिल्ह्याच्या रस्त्यांवरून कसा दिसतो, हें येथें सांगावयाचें आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनाला निदान दोन झडपा असतात. एकीतून पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत येतें, दुसरीतून जळलेला धूर बाहेर जातो. जुन्या धर्तीच्या इंजिनांत खालीं फिरणारा कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉड नांवाच्या काठीला, काठी रॉकरला, आणि रॉकर झडपेला दाबून उघडतो; बंद करण्याचें काम स्प्रिंग करते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला पंचवीस वेळां उघडते व मिटते. धुराच्या झडपेचें डोकें सुमारें सातशें अंशांपर्यंत तापतें. दहा सेंटिमीटर लांबीची पोलादी दांडी पांचशें अंशांनीं तापली, तर ती अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढते. या वाढीला जागा ठेवली नाहीं, तर दांडी रॉकरला भिडते आणि झडप पुरती मिटतच नाहीं. झडपेचें खरें विश्रांतिस्थान म्हणजे तिची बैठक. मिटलेली असतांना ती आपली बरीचशी उष्णता बैठकीला देऊन टाकते. तो क्षणभराचा विसांवाही तिला मिळाला नाहीं, तर तिचा कांठ जळूं लागतो. म्हणून या साखळींत कोठेंतरी केसभर पोकळी ठेवावयाची, हा नियम पडला.

आरंभीं हा नियम अर्धाच लागू होता. १८९० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील द दियों-बुतों यांच्या इंजिनांत आंत घेणारी झडप पिस्टनच्या शोषणानेंच उघडे. तिला ना कॅम, ना फट. वेग वाढूं लागला तशी ही भोळी व्यवस्था अपुरी पडली, आणि दोन्ही झडपा कॅमच्या हुकमतींत आल्या. पुढें कित्येक वर्षें हा सारा संभार इंजिनाच्या बाहेर उघडाच असे. स्वारानें त्याला हातानें तेल द्यावें, धूळ पुसावी आणि फट वरचेवर तपासावी, अशी रीत होती. मोटारसायकल चालविणें आणि ती जाणणें या त्या काळीं दोन गोष्टी नव्हत्या.

आतां वाशीमकडे वळूं. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलें हें वत्सगुल्म. अकोला जिल्ह्यांतून निघून स्वतंत्र जिल्हा झाला तो मात्र १ जुलै १९९८ रोजीं. झडपांची विद्या या भागांत केवळ मोटारसायकलींबरोबर आली असें समजूं नये. विहिरीवरच्या ऑईल इंजिनालाही झडपा व टॅपेट असतातच. किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना १९४६ सालीं पुण्याला झाली, आणि ज्याच्या मळ्यांत असें इंजिन होतें, त्याला टॅपेट हा शब्द परका उरला नाहीं. उलट १९६० नंतर आलेल्या राजदूत आणि जावा या गाड्या टू-स्ट्रोक. त्यांत सिलिंडरच्या भिंतींतील वाटा पिस्टनच उघडतो व झांकतो. झडपच नाहीं, तेव्हां फट कोठली! मास्तर, दूधवाले, ग्रामसेवक या गाड्यांवर वर्षानुवर्षें फिरले, आणि टॅपेटची चिंता त्यांच्या वाट्याला आली नाहीं.

ती आली बुलेटवाल्यांच्या. इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एनफिल्डनें हें नांव १९३२ सालीं वापरलें. पुढें भारतीय सैन्यानें या गाडीची निवड केली, आणि १९५५ सालीं मद्रासला एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. १९७० पर्यंत इंग्लंडांतील कारखाने बंद पडले. मद्रासचा मात्र तीच लोखंडी सिलिंडरची, दोन काठ्यांची गाडी घडवीत राहिला. मूळ घर मोडल्यावर लेकीच्या घरीं कुळाचार चालावा, तसा हा प्रकार झाला.

या बुलेटची फट लावण्याची पद्धत मोठी मौजेची आहे. इंजिन रात्रभर निवलेलें असावें. पिस्टन दाबाच्या फेरीच्या माथ्यावर आणावा, म्हणजे दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. सिलिंडरच्या उजव्या अंगाचें लहानसें झांकण काढलें कीं काठ्यांचीं खालचीं टोकें दिसतात. येथें माप लावावयाचें नाहीं. काठी अंगठा व तर्जनी यांत धरून फिरवावयाची. ती सहज फिरली पाहिजे, पण वरखालीं हलतां कामा नये. म्हणजे थंड इंजिनांत फट जवळजवळ शून्य! वरवर पाहतां हें आमच्या नियमाविरुद्ध दिसतें; परंतु इंजिन तापलें कीं लोखंडी सिलिंडर उंचावतो, आपल्याबरोबर रॉकरलाही वर नेतो, आणि हवी ती पोकळी आपोआप पडते. तीन पाने एकदम धरून चेकनट सैल करावा, जोड फिरवावी, नट आवळावा आणि पुन्हां बोटानें पाहावें. कारण आवळतांना माप सरकतें. हें पुन्हां पाहणें जो टाळतो, त्याचें सारें काम फुकट जातें.

आमच्या घरीं अशी एक बुलेट होती. तिची टकटक ऐकून एकदां पाहुण्यांनीं नाकें मुरडलीं, म्हणून वडिलांनीं ती एका गॅरेजांत नेऊन आवाज बंद करून देण्यास सांगितलें. सायंकाळीं ती इतकी शांत होऊन परतली कीं, आम्हीं सर्वांनीं त्या कारागिराची वाहवा केली. पुढें पंधरवड्यानें मंगरुळपीरहून येतांना चढावर तिचें बळ गेलें. किक मारूं जातां पायाला विरोधच लागेना. एका म्हाताऱ्या मिस्त्र्यानें इंजिन उघडलें, तों धुराच्या झडपेचा कांठ एके ठिकाणीं जळून गेलेला. काठ्या आवळून बसविल्या होत्या. तो वडिलांना एवढेंच म्हणाला, “बोलनारं इंजन मरत नाई, भाऊ. गप बसलं का मंग भेव.”

या वाक्यांत साऱ्या शास्त्राचें सार आहे. आवाज म्हणजे बिघाड आणि शांतता म्हणजे आरोग्य, असा आपला समज असतो. झडपांच्या बाबतींत तो पुष्कळदां उलटा ठरतो. फट फार वाढली तर खडखड होते, बळ थोडें घटतें, भाग झिजतात. पण ती ओरडून सांगते. याच्या उलट, झडप बैठकीत हळूहळू रुतत गेली म्हणजे फट कमी होते, इंजिन दिवसेंदिवस गोड चालतें, आणि मालक संतुष्ट असतांनाच झडप जळते. पेट्रोलांतील शिसें मऊ बैठकांचें या झिजेपासून रक्षण करीत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचेंच पेट्रोल विकलें जाऊं लागलें. मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीनें तें उत्तम झालें. पण फार जुन्या इंजिनांच्या फटीकडे लक्ष देण्याचें कारण त्यामुळें वाढलें.

दरम्यान १९८५ सालीं हिरो होंडाची सीडी १०० आली, आणि फोर-स्ट्रोक इंजिन सामान्य माणसाच्या दारांत उभें राहिलें. हिचा कॅम माथ्यावरच, काठ्या नाहींत. दोन गोल टोप्या काढाव्या, चाकावरची खूण जुळवावी, रॉकर व झडप यांच्यामध्यें पातळ पोलादी पट्टी घालावी, आणि ती किंचित् अडखळत सरकेल इतका स्क्रू फिरवावा. फट मिलिमीटरच्या अवघ्या कांहीं शतांशांची. रिसोड, मालेगांव, कारंजा, मानोरा येथल्या गॅरेजांतील पोरांच्या हातीं फीलर गेजचा जुडगा आला तो या गाड्यांपायीं. ज्ञान बोटाकडून आंकड्याकडे गेलें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. उस्तादाचें बोट एकट्याचें असतें, पट्टीचें माप सर्वांचें. मात्र पट्टी सरकतांना किती अडखळावी, हें अखेर बोटच ठरवितें.

पुढें २००९ सालीं बुलेटच्या घराण्यांत जें नवें इंजिन रूढ झालें, त्यांत तेलाच्या दाबानें फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट होते. काठी फिरवून पाहण्याचें प्रयोजनच संपलें. ज्याला पहांटे पोहरादेवीच्या यात्रेला निघावयाचें आहे, त्याला ही सोय नको असें कोण म्हणेल? परंतु यंत्रानें आपली काळजी आपण घेतली कीं, मालकाचा कान हळूहळू बहिरा होतो. बिघाड झाला म्हणजे कळतें. होऊं घातला आहे, हें कळेनासें होतें.

जुन्या बुलेटी अद्यापि घराघरांतून ओट्याखालीं उभ्या आहेत. आजोबांची गाडी पुन्हां चालू करण्याची हौस एखाद्या नातवाला येते, तो ती मिस्त्र्याकडे नेतो, आणि पहिल्या प्रथम म्हणतो, “आवाज तेवढा बंद करा.” त्या वेळीं झांकण काढून त्याचेंच बोट काठीवर ठेवणारा, ‘ही फिरली पाहिजे, हलतां कामा नये,’ एवढें त्याला सांगणारा मिस्त्री त्याला भेटो. झडप तर त्यानें वांचेलच. पण ऐकण्याची जी विद्या एका हातानें दुसऱ्या हाताला द्यावयाची असते, तीही एका पिढीनें पुढें जाईल.