लोडशेडिंग गेलं, इन्व्हर्टर राहिला

इन्व्हर्टर दुरुस्तीला आलेला माणूस खोक्याकडे नंतर बघतो. आधी विचारतो, "बॅटरीत पाणी कधी घातलं होतं?" आमच्या तुर्भ्यात या प्रश्नावर हल्ली बहुतेक घरांत शांतता पसरते. त्या शांततेत महाराष्ट्राच्या विजेचा वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास आहे, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल. पण ऐका तर खरं.

आधी भूगोल. वाशीच्या खाडीपुलाच्या अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरं, अशी विजेची स्थिती होती (पुष्कळशी अजूनही आहे). पलीकडे मानखुर्दपासून मुंबईला बेस्ट, टाटा आणि तेव्हाची रिलायन्स वीज पुरवत. अलीकडे नवी मुंबई मात्र वीज मंडळाची. हे मंडळ १९६० साली स्थापन झालं आणि जून २००५ मध्ये त्याचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण जन्माला आल्या. मुंबईला टाटांची वीज १९१५ पासून, खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून. म्हणजे घाटातलं पाणी रायगडात उतरून वीज व्हायचं आणि उजेड पडायचा मुंबईत! नंतर तुटवड्याच्या दिवसांत संध्याकाळच्या लोकलने खाडी ओलांडली की मागे दिवे आणि पुढे अंधार, हे दृश्य इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. मुलुंड-भांडुपकरांचं दुःख आणखी वेगळं. महापालिका मुंबईची, पण वीज मंडळाची.

तुटवडा का झाला, याचं उत्तर आपल्याकडे एका शब्दात दिलं जातं, 'एन्रॉन'. ते अर्धंच खरं आहे. दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की मंडळाने मे २००१ मध्ये ती घेणंच थांबवलं. प्रकल्प बंद पडला आणि २००६ साली नव्या मालकीखाली पुन्हा हलला. पण दुसरा अर्धा भाग असा की त्या वादाच्या वर्षांत मागणी वाढत राहिली आणि राज्यात नवी वीजनिर्मिती त्या मानाने फार थोडी उभी राहिली. २००५ नंतरच्या उन्हाळ्यांत राज्याची तूट चार-पाच हजार मेगावॉटपर्यंत जाऊ लागली. कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वारी वाटल्या गेल्या. पुण्याने २००६ मध्ये वेगळी वाट काढली. उद्योगांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे, आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी बिलात भरायचा.

बाकीच्यांसाठी भारनियमनाचं वेळापत्रक आलं. ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधार जास्त, असा हिशेब ठरला. ऐकायला न्याय्य वाटतं. पण फीडर एकच असेल, तर प्रामाणिकपणे बिल भरणारा आणि आकडा टाकणारा दोघेही एकाच अंधारात बसत. गावाकडचे आमचे नातेवाईक हे वाचून हसत असतील, कारण शहरात दोन-चार तासांनी कासावीस होणाऱ्या आम्हा लोकांसमोर त्यांचे दहा-बारा तास उभे होते.

आणि इथे इन्व्हर्टर घरात शिरला.

सु-कॅम आणि ल्युमिनस या दोन्ही दिल्ली परिसरातल्या कंपन्या १९८८ च्या. त्यातली सु-कॅम आधी केबल टीव्हीचं सामान बनवायची. ही खोकी हळूहळू महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी येऊन बसली. सोबत ट्रॉलीवर १५० अँपिअर-अवरची बॅटरी. हिशेब सोपा. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-अवर. त्यातलं थोडं रूपांतरात जातं, थोडं बॅटरीत राखून ठेवावं लागतं. चारशे वॉटचे पंखे-दिवे साधारण तीन तास चालतात. भारनियमनाचा एक हप्ता निघून जावा एवढंच हे माप होतं.

पण या सोयीची एक बाजू फारशी बोलली जात नाही. शिसं-आम्लाच्या बॅटरीत घातलेल्या विजेतला पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त परत मिळत नाही, तो उष्णतेत आणि रूपांतरात जातो. म्हणजे तुटवड्यावर उपाय म्हणून घेतलेलं यंत्र, दिवे आले रे आले की सगळ्या घरांत एकदम चार्जिंगला लागायचं आणि तुटवड्यात भर घालायचं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्याच्या घरात पंखा फिरतो तो रस्त्यावर उतरत नाही. तक्रार करू शकणारा, पत्र लिहू शकणारा वर्ग आपापल्या बॅटरीपुरता सुखी झाला. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या झोपड्यांमध्ये बॅटरी नव्हती, तिथे मेणबत्ती होती. सार्वजनिक प्रश्न आपण घरोघरी खासगी करून टाकला.

त्या वर्षांत मात्र सगळे तरबेज झाले होते. डिस्टिल्ड वॉटरची बाटली किराणा दुकानातही मिळे. मग २०१२ च्या अखेरीस राज्य भारनियमनमुक्त करण्याची घोषणा झाली. जास्त गळतीचे भाग त्यातून वगळले गेले, पण आमच्यासारख्या शहरी भागात वेळापत्रक खरंच गेलं. इन्व्हर्टर राहिला. पाण्याची बाटली गेली.

इन्व्हर्टर आता बंद का पडतात, याचं उत्तर इथे आहे. वापरून झिजण्यापेक्षा न वापरल्याने ते जास्त मरतात. बॅटरीतल्या प्लेटा शिशाच्या. वीज देताना त्यांच्यावर शिशाचं सल्फेट तयार होतं, चार्ज करताना ते विरघळतं. बटण बंद करून ठेवलेली बॅटरी आपोआप उतरत जाते, सल्फेटचे खडे कडक होतात आणि मग ते विरघळत नाहीत. उलट कायम चार्जिंगवर ठेवली तर पाणी हळूहळू उडून जातं आणि प्लेटा उघड्या पडतात. दोन्हीकडून मरण. खोक्यावरचा हिरवा दिवा मात्र शेवटपर्यंत लागलेला!

याची परीक्षा झाली १२ ऑक्टोबर २०२० ला. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा बाजूच्या वाहिन्या बंद पडल्या. एक देखभालीसाठी आधीच बंद होती, दुसरी ट्रिप झाली. मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून अलग काढून वाचवणारी यंत्रणाही त्या दिवशी तग धरू शकली नाही. खाडीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी अंधारात, लोकल जागच्या जागी थांबलेल्या. कोरोनाचे दिवस, शाळा मोबाईलवर, ऑफिस घरात. ज्यांच्या घरी प्राणवायूचं यंत्र चालू होतं त्यांच्यासाठी बॅटरी ही चैन नव्हती. भारनियमन निदान सांगून यायचं, हे न सांगता आलं.

म्हणून आज इन्व्हर्टर बंद पडला तर शोध कुठल्या क्रमाने घ्यावा, ते सांगून ठेवतो. आधी लोड कमी करा. नंतरच्या काळात कोणीतरी इन्व्हर्टरच्या लाईनवर फ्रीज जोडलेला असतो. मग खोक्यामागचा फ्यूज किंवा एमसीबी बघा. मग बॅटरीची टोकं. पांढरट-हिरवा थर चढला असेल तर इन्व्हर्टर बंद करून, वायरी सोडवून, खायच्या सोड्याच्या पाण्याने साफ करा, घट्ट बसवा, वर व्हॅसलीन लावा. चार्जिंग काढून काही तास ठेवलेली निरोगी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. पंखा लावताच आकडा १०.५ खाली कोसळत असेल तर दोष बहुतेक बॅटरीचाच. हायड्रोमीटरने सहाही कप्पे तपासले आणि एकच फार खाली निघाला, तर तो कप्पा गेला. पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, खुणेपर्यंत, आम्ल कधीच नाही. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ उदबत्तीसुद्धा नको आणि खिडकी उघडी हवी. खोक्याचं झाकण मात्र उघडू नका, ते काम कारागिराचं.

आणि महिन्यातून एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून अर्धा तास इन्व्हर्टरवर घर चालवा. ज्या घरात आजारी किंवा वृद्ध माणूस यंत्रावर अवलंबून आहे, तिथे तर नक्कीच.

बॅटरी अगदीच गेली असेल तर ती भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकू नका. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी असा नियम २००१ पासून होता, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकावर टाकली. त्यातलं शिसं पुन्हा वापरता येतं. पण तेच उघड्यावर भट्टी लावून वितळवलं तर धूर आसपासच्या वस्तीत जातो आणि सगळ्यात आधी लहान मुलांच्या अंगात भिनतो. या वस्त्या बहुतेक त्याच, जिथे तेव्हा मेणबत्ती होती. त्यांच्या वाट्याला अंधार आला होता, आता आपल्या उजेडाचा कचरा तरी येऊ नये.