एन्फील्ड रायफल आणि तिच्यावरील खुणा : शस्त्रसंग्रहाच्या नोंदीचा एक प्रश्न

१८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल हिंदुस्थानच्या इतिहासात जितकी गाजली तितकी तिच्या काळची दुसरी कोणतीही बंदूक गाजली नाही. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, तिच्याविषयीची नोंद फार सावधपणे वाचावी लागते. घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर राजमुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि १८५६ हे साल दिसले की तिला ‘सत्तावनच्या शिपायाची रायफल’ ठरविण्याचा मोह संग्राहकास होतो. वस्तुतः त्या सालाने त्या पट्टीचा काळ तेवढा कळतो. बंदूक कोणत्या पलटणीस मिळाली, ती हिंदुस्थानात कधी आली, आलीच की नाही, यांपैकी कशाचीही साक्ष ते साल देत नाही.

शिवाय सत्तावनच्या शिपायाचे नेहमीचे शस्त्र एन्फील्ड नव्हतेच. त्या वर्षाच्या आरंभी डमडम, अंबाला व सियालकोट येथील शिक्षणकेंद्रांत निवडक शिपायांना नव्या रायफलीचे शिक्षण देण्यास नुकतीच सुरुवात झाली होती. बंगालच्या सैन्यातील बहुसंख्य शिपाई जुनी, आटे नसलेली ठासणीची बंदूकच वापरीत होते. २४ एप्रिल १८५७ रोजी मीरत येथे तिसऱ्या घोडदळाच्या नव्वदांपैकी पंच्याऐंशी स्वारांनी जी काडतुसे घेण्याचे नाकारले, तीही जुन्याच धर्तीची होती. चरबीची वदंता एन्फील्डच्या काडतुसावरून उठली हे खरे; परंतु वदंतेचे शस्त्र आणि हातातले शस्त्र एकच होते असे मानण्याची चूक संग्राहकाने तरी करू नये.

मग खुणा सांगतात काय? ‘टॉवर’ या शब्दाचा अर्थ ती बंदूक लंडनच्या किल्ल्यात घडविली असा नाही. बर्मिंगहॅम व लंडन येथील कंत्राटदार कारागिरांकडून तिचे भाग घेतले जात, सरकारी तपासनीस ते पारखून शिक्के मारीत, आणि मग बंदूक जुळविली जाई. हे भाग हाताने कानसून बसविलेले असल्यामुळे बहुतेक कंत्राटी बंदुकांत एकीचा भाग दुसरीस लागत नाही. याउलट १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एन्फील्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकी यंत्रांवर तयार झालेल्या रायफलींचे भाग परस्परांत बदलता येत. मुकुटाखाली राणीची आद्याक्षरे आहेत की नाहीत, हेही पाहावे लागते. खाजगी विक्रीसाठी केलेल्या मालावर मुकुट व ‘टॉवर’ असतात, पण आद्याक्षरे नसतात. असा माल १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात दोन्ही पक्षांनी फार मोठ्या प्रमाणावर विकत घेतला. ब्रिटिश लष्करी मालकीची खूण म्हणजे बाणाचे टोक. अशी दोन टोके एकमेकांसमोर असली तर ती वस्तू लष्कराने विकून टाकली असे समजावे.

लष्करी सेवेतील मूळ स्थितीतली एन्फील्ड आज कमी आढळते याचे कारण युद्धातील हानीपेक्षा काटकसरीत अधिक आहे. १८६६ पासून हजारो रायफलींच्या नळीचा मागील भाग कापून त्यांस स्नायडरची मागून भरण्याची रचना बसविण्यात आली. एका बंदुकीवर अशा रीतीने दोन काळांचे लेख उमटले. नोंदकर्त्याने दोन्ही लिहावेत. रूपांतराला ‘विकृती’ म्हणून मूळ रूप परत आणण्याचा खटाटोप करू नये. बाजारात असे खटाटोप होतात आणि त्यात पुरावाच नष्ट होतो.

याहून बोलकी बंदूक मात्र संग्राहकांच्या दृष्टीने उपेक्षित राहिली. उठाव शमल्यावर हिंदी शिपायाच्या हाती दूरवर अचूक मारा करणारे शस्त्र असू नये, असे सरकारी धोरण ठरले. एन्फील्डचीच बाह्याकृती ठेवून नळी सुमारे ०.६५ इंचापर्यंत रुंद केलेली, आटे नसलेली बंदूक हिंदी पलटणींसाठी तयार करण्यात आली. अंतरानुसार उचलावयाची नेमपट्टी काढून तेथे साधी अचल नेम बसविली गेली. मूळ रायफलीची नळी ०.५७७ इंच व्यासाची, ३९ इंच लांबीची व तीन आट्यांची. दुरून दोघी जुळ्या बहिणी वाटतात. नळीच्या तोंडात डोकावून माप घेतल्याखेरीज त्यांतील भेद कळत नाही, आणि हे माप न घेता केलेली नोंद राज्यकर्त्यांच्या अविश्वासाचा एक लोखंडी दस्तऐवज अजाणता पुसून टाकते.

दुर्मिळतेचा विचार करता मुंबई इलाख्याच्या सैन्यातील जॉन जेकब याच्या रायफलीचा उल्लेख टाळता येत नाही. दोन नळ्या, प्रत्येकीत चार आटे, आणि २००० यार्डांपर्यंतची नेम. बर्मिंगहॅमच्या स्विनबर्न यांनी ती घडविली. जेकब १८५८ च्या डिसेंबरात वारला. याच धर्तीच्या रायफली शिकारीसाठीही विकल्या गेल्या. तेव्हा पलटणीच्या खुणेवाचून एखादीस लष्करी म्हणणे धाडसाचे होय.

तुलनेसाठी आधार कोणता, तर मोहरबंद नमुना. मान्य झालेल्या शस्त्राची एक प्रत लाखेने मोहर करून ठेवीत व कारागीर तिच्याबरहुकूम माल करीत. ३० ऑक्टोबर १८४१ च्या आगीत लंडनच्या टॉवरमधील मोठे शस्त्रकोठार जळाले. पुढे नमुन्यांचा संग्रह एन्फील्ड येथे होता. तेथून तो नॉटिंगहॅमला व २००५ मध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीजकडे गेला.

मोहरबंद नमुना बंदुकीचा जन्म सांगतो. पुढचे आयुष्य ती जेथे ठेवली होती ती जागा सांगते. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातील सुमारे ५०,००० जुनी शस्त्रे परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतली. (मराठी दप्तरांतला ‘शिलेखाना’ तो हाच शब्द.) त्यांत ब्रन्सविक, एन्फील्ड व मार्टिनी-हेन्री धर्तीच्या बंदुका होत्या. दिसण्यात मार्टिनीसारखी, पण आतील रचनेने वेगळी आणि नेपाळातच घडलेली गहेंद्र रायफलही होती. इतका मोठा साठा जागेवरून हलण्यापूर्वी कोणती बंदूक कोणत्या राशीत, कोणत्या शस्त्रांशेजारी होती, ही नोंद प्रत्येक नगाच्या मोलाची असते. यांतील अनेक बंदुकांच्या नळ्यांवर व दस्त्यांवर देवनागरी अक्षरे आणि अंक ठोकलेले आहेत. ज्याला ती लिपी वाचता येत नाही त्याला ती नुसती नक्षी वाटते. मराठी अभ्यासकास तो अडसर नाही. पुसट झालेला अंक तिरप्या उजेडात, लाकडाच्या रेषांच्या आडव्या दिशेने पाहिल्यास वाचता येतो. दस्ता घासून, तेल देऊन एकदा चकचकीत केला की तोही मार्ग उरत नाही.