फळीवरचा कप

आमच्याकडे हॉटेल म्हणजे राहायची जागा नव्हे. भट्टी, पितळी किटली, चार बाकडी आणि गल्ल्यावर बसलेला मालक, एवढं जमलं की झालं हॉटेल. सत्तरच्या दशकात मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात अशी पाच-सहा हॉटेलं होती. जुन्या आठवणी निघाल्या की सगळे त्यांच्याविषयीच बोलतात. बशीत ओतून फुरकलेला चहा, रेडिओवरची बुधवारची बिनाका गीतमाला, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दहा जणांनी ऐकायचं असं वर्तमानपत्र. या आठवणी खऱ्या आहेत, पण अर्ध्या आहेत.

हॉटेल ही खेड्यापाड्यांसाठी नवी गोष्ट होती. घरच्या पंगतीला जात लागायची, इथे खिशात नाणं असलं की पुरे. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनवर हिंदू चहा आणि मुस्लिम चहा वेगळा मिळे. आमच्या गावात बाजाराच्या दिवशी मारवाडी, मराठा, माळी सगळे मुसलमानाच्या हॉटेलात कडक चहाला येत. याचा आम्हाला अभिमान वाटे.

पण दाराबाहेर एक फळी असे. तिच्यावर कान तुटलेले दोन-तीन कप पालथे घातलेले. दलित वस्तीतल्या माणसाने त्यातला एक घ्यायचा, वरून ओतलेला चहा बाहेर उकिडवं बसून प्यायचा, कप स्वतः विसळून परत ठेवायचा. पैसे मात्र तेवढेच.

राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये उपाहारगृहं आणि हॉटेलांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने तर हॉटेलातली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरवला. तरी फळी होतीच. मालक हिंदू असो की मुसलमान, दोघांकडे होती. इस्लाममध्ये जात नाही, हे आमच्या मोहल्ल्यात रोज ऐकू यायचं. भट्टीपाशी मात्र गिऱ्हाईक तुटण्याची भीती मोठी ठरायची.

१९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच सुमारास बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' चळवळ सुरू झाली. तालुक्याला शिकणारी दलित पोरं आत येऊन बाकावर बसू लागली आणि सगळ्यांच्या कपात चहा मागू लागली. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. पाठोपाठ दलित वस्त्या जळाल्या. त्या दिवसांत आमच्या हॉटेलांत गर्दी होती, गप्पा होत्या, फक्त ही पोरं नव्हती.

पुढे काचेचे ग्लास आले, फळी हळूहळू गेली. आता कागदी कप आहेत, पिऊन सगळेच फेकून देतात.

आमच्या हॉटेलांचा इतिहास लिहायचा तर बाकड्यांवर बसलेल्यांना विचारून भागणार नाही. बाहेर उकिडवं बसून चहा प्यायलेली माणसं अजून हयात आहेत. आधी त्यांच्याकडे जायला हवं.