कोल्हापूरचा कॅमेरा आणि घरचे यंत्र

बाबुराव पेंटर यांनी 1918 साली कोल्हापुरात चलच्चित्रांचा कॅमेरा घडवून पुरा केला, ही गोष्ट आपल्या शहराला ठाऊक आहे. परंतु तिचे मर्म आपण पुरते ओळखले आहे, असे आम्हांस वाटत नाही.

1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’ने आनंदराव व बाबुराव या दोघांना चित्रपटाच्या ध्यासाने झपाटले. 1916 साली आनंदराव वारले आणि काम अर्धे राहिले. बाबुरावांनी ते विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तडीस नेले. 1920 साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला.

त्या काळी कच्ची फिल्म परदेशांतूनच येई. मग त्या कॅमेऱ्यात घरचे असे काय होते? आमच्या मते, अचूकपणा. कॅमेऱ्यात फिल्म सलग धावत नाही. ती एक चौकट सरकते, क्षणभर थांबते, झडप उघडून मिटते, मग पुन्हा सरकते. दर वेळी 19 मिलिमीटर, आणि सेकंदाला सुमारे 16 वेळा! 24 मिलिमीटरचे चित्र पाच मीटरच्या पडद्यावर गेले, की त्यातील चूकही दोनशे पट होते. पेटी साध्या सुतारकामाची असली तरी चालेल. फिल्म ओढणाऱ्या नखाला आणि दातेरी चक्रांना मात्र माफी नाही.

आज संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र, म्हणजे सीएनसी राउटर, घरी बांधण्याची हौस पुष्कळांना आहे. त्याची मोटारही अशीच पावलापावलाने चालते: 200 पावलांत एक फेरा. एका फेऱ्यात 5 मिलिमीटर सरकवणारा आट्यांचा दांडा तिला जोडला, तर पाऊल पडते 0.025 मिलिमीटरचे.

1952 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत आकड्यांवर चालणारे असे पहिले यंत्र दाखवले गेले, तेव्हा त्याच्या मेंदूनेच मोठे कपाट व्यापले होते. आज तो मेंदू तळहातावर मावतो व स्वस्तही मिळतो. म्हणूनच नवशिका त्याच्यावर भुलतो आणि सांगाडा पातळ प्लायवूडचा करतो. पाते लाकडात शिरले की सांगाडा लवतो, आणि 0.025 चा हिशेब कागदावरच राहतो.

तेव्हा दुसरे, सुधारलेले यंत्र करताना थोडका पैसा कोठे घालावा? भक्कम सांगाड्यात, सरळ मार्गदांड्यांत आणि आट्यांतील ढिलाई काढण्यात. बिडाचे जड, ओतीव अंग कंप गिळते. आणि ओतकाम तर आपल्या उद्यमनगरीचा हातखंडा! टेबलाची फळी, झाकणे, पेट्या खुशाल स्वस्तातल्या असोत.

पैसा थोडा असणे ही अचूकपणा सोडण्याची सबब नव्हे. काटकसर कोठे करावी आणि कोठे मुळीच करू नये, हा विवेक कोल्हापूरच्या कारागिराने शंभर वर्षांपूर्वी दाखवला. त्याच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्या तरुणांनी तोच विवेक आपल्या यंत्रात उतरवावा, एवढेच आमचे मागणे आहे.