कुमारवयाची सवड कोणाला?

पात्र घडविताना लेखक त्याला नाव देतो, घर देतो. जात न सांगतासुद्धा जात देतो. पण त्या पात्राचे कुमारवय तो कोठून आणतो? हा प्रश्न वरवर मानसशास्त्राचा वाटतो; मुळात तो इतिहासाचा आहे.

१९०४ साली अमेरिकेत जी. स्टॅनले हॉल याने कुमारवयावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. कुमारवय म्हणजे भावनांचे वादळ, ही कल्पना त्याने रूढ केली. पुढे एरिक एरिक्सन याने या वादळाच्या मुळाशी 'मी कोण?' हा शोध पाहिला. त्याने आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली : समाज तरुणांना काही काळ सवड देतो. या सवडीत मुलगा चुकतो, बंड करतो, निरनिराळ्या भूमिका करून पाहतो आणि मग आपली जागा ठरवतो. आपण पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. ही सवड कोणाला मिळाली आणि कोणाला नाकारली गेली?

मराठी वाङ्मयातील दोन गाजलेल्या मुलांचा खानदेशाशी संबंध आहे. श्याम हा कोकणातला. पण त्याची कथा लिहिणारे साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील वसतिगृहातल्या मुलांना सांभाळीत होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले गेले. दुसरा मुलगा म्हणजे भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर. नेमाडे जळगाव जिल्ह्यातील सांगवीचे. त्यांचा पांडुरंग पुण्याला शिकायला जातो, बापाचे पैसे उधळतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. श्याम आज्ञेत वाढतो, पांडुरंग नकारात वाढतो. परंतु दोघांनाही सवड आहे. एकाचे रडणे ऐकायला आई आहे; दुसऱ्याच्या अपयशाचा खर्च सोसायला बापाची शेती आहे.

'श्यामची आई'मधला मोळीचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकला आहे. एक म्हातारी महार बाई रस्त्यात खोळंबली आहे. तिची मोळी कोणी उचलून देत नाही. आई श्यामला सांगते, तिला मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. त्या काळात हे धाडसच होते, हे नाकारता येत नाही. साने गुरुजींनी पुढे १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, हेही विसरता येत नाही. तरी या प्रसंगात भावनिक वाढ कोणाची होते? श्यामची. म्हातारी मोळी घेऊन कथेबाहेर जाते. तिच्या घरी श्यामच्याच वयाचा नातू असेल, तर आपल्या आजीच्या स्पर्शानंतर आंघोळ करावी लागते हे कळल्यावर त्याला काय वाटले असेल, हे त्या पानावर नाही.

त्या नातवाला सवड नव्हती. महारकीचे वतन वंशपरंपरेने चाले. बापाचे काम मुलाच्या अंगावर येई. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. तोपर्यंत 'मी कोण?' या प्रश्नाचे उत्तर मुलाने विचारण्याआधीच गावाने देऊन ठेवलेले असे. मुलींची सवड तर जातीच्या सीमा ओलांडूनही दुर्मिळ होती. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शेतकरी घरातल्या. त्यांचेही लग्न तेराव्या वर्षी झाले.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, पाठोपाठ १९७९ साली प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' आले. तेव्हा तो नातू स्वतः बोलू लागला. 'बलुतं'मध्ये दगडू आणि दया पवार एकमेकांशी बोलतात. एकाच माणसाचे असे दोन भाग करणे ही केवळ कथनाची युक्ती नव्हे. ज्याला कुमारवयात स्वतःशी बोलण्याची सवड मिळाली नाही, तो ती प्रौढपणी मिळवतो आहे.

मात्र येथे आपल्या नव्या लेखकांसमोर एक धोका आहे. सवड नव्हती म्हणजे भावनाच नव्हत्या, असे समजून आपण पात्राला केवळ अपमानांची यादी करून टाकतो. बाबासाहेबांच्या आत्मकथनपर टिपणांत याचे उत्तर आहे. साधारण दहाव्या वर्षी ते भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. तो प्रसंग सांगताना ते आधी नवे कपडे, जरीच्या टोप्या, प्रवासाचा आनंद सांगतात. मग मसूर स्टेशनवर जात कळते. गाडीवाले दुप्पट भाड्याला तयार होतात, पण गाडी मुलांनाच हाकावी लागते. आधी आनंद आहे, म्हणूनच अपमानाची खोली कळते.

असाच प्रसंग १९२९ साली चाळीसगावात घडला. धुळ्याकडून परतताना बाबासाहेब तेथे उतरले. वय अडतीस, बॅरिस्टर, सरकारी समितीचे सभासद. टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. आपल्या पाहुण्याने पायी चालणे महारवाड्याला कमीपणाचे वाटले. म्हणून सराव नसलेल्या आपल्याच माणसाने लगाम धरला. मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. मसूर आणि चाळीसगाव यांत जवळजवळ तीन दशके गेली. चाक भाड्याने मिळते, हात मिळत नाही, हे बदलले नव्हते.

आता त्या महारवाड्यात स्वागताला उभा असलेला चौदा वर्षांचा मुलगा कल्पनेने उभा करा. सकाळी त्याला अभिमान वाटला असेल, टांगा हाकणाऱ्याचा हेवा वाटला असेल, संध्याकाळी राग आणि लाज एकाच वेळी आली असेल. राग कोणावर? टांगेवाल्यांवर, लगाम धरणाऱ्यावर, की स्वतःवर? हा गुंता अहिराणीत, भिलीत, पावरीत, आपल्या बोलीत मांडता आला, तर पात्र उभे राहील. वसतिगृहात, आश्रमशाळेत शिकणारी आजची मुले हा गुंता घेऊनच वर्गात बसतात. शिक्षकांनी त्यांना निबंधात आदर्श मुलगा लिहायला न सांगता, स्वतःला लिहायला सांगावे. इतिहासाने जी सवड नाकारली, ती निदान कागदावर तरी आपण देऊ शकतो.